चार घोस वेलावरच ठेवा

कंपोट, कंबोडिया
रविवार, दुपार

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

गेले चार दिवस आईकडून फक्त गुलाबाच्या फुलांची 'शुभ सकाळ' येतेय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर जायला नको होता, कबूल. मैत्रिणीला पाठवायचा होता, बोट चुकलं. आत्येने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: होय, कठड्याजवळ हात वर करून नाचतेय ती मीच. हातात शहाळं होतं, ते मात्र एकाच्याही नजरेस पडलं नाही.

फोनवर बाबा 'बरं, बरं' करून फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलंस काय?' वर येते. म्हणून कागदावर लिहितेय. फोटो काढून पाठवते, चष्मा लावून सावकाश वाचा.

हॉस्टेल गावापासून सहा-सात किलोमीटर आत, अगदी पाण्याला लागून आहे. नदी म्हणायची, पण खरं तर आपली खाडीच. भरतीला पाणी उलटं चढतं आणि खारट होतं. काठाच्या चिखलात बुटक्या माडासारखी नीपाची झाडं, आणि त्यांच्याच पानांची झापं आमच्या छपरावर. समोर बोकोरचा डोंगर, हजार मीटरहून उंच. बायकांची खोली वेगळी आहे आणि कडी-कुलूप चांगलं आहे. दिवसभर मी पुण्याच्या ऑफिसचं काम करते, तुम्हाला वाटतं तशी नाचत नाही. नाच फक्त शनिवारी, हॉस्टेलच्या पार्टीत.

बाबा, तुम्ही विचारलंत की गाणी कुठली लावतात. गाणी नसतातच, शब्दच नसतात. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास पडणारा एकच ठोका, आणि वाजवणारा त्यावर एकेक आवाज चढवत नेतो, उतरवत आणतो. पहिल्या शनिवारी माझंही डोकं उठलं. कठड्यावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी ठोक्यागणिक थरथरत होतं, तेच बघत बसले. रात्री दोनच्या सुमाराला कधीतरी उठून नाचायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. तुम्ही जत्रेत दशावताराला उजाडेपर्यंत बसता आणि आई म्हणते, 'दरवर्षी तोच संकासुर, काय बघतंत त्यात?' तसंच हे.

गंमत म्हणजे अशा संगीतातल्या एका प्रकाराचं नावच 'गोवा ट्रान्स' आहे. 1990च्या आसपास हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर तो घडला आणि जगभर गेला. एका जर्मन मुलाने मला हे मोठ्या भक्तिभावाने समजावून सांगितलं. मी म्हटलं, त्या वेळी माझे बाबा वेंगुर्ला-पणजी एसटीवर कंडक्टर होते, म्हापसा स्टँडवर तुमच्या त्या लोकांना तिकिटं त्यांनीच फाडून दिली. तेव्हापासून तो मला उठून खुर्ची देतो. सुट्ट्या पैशांवरून तुम्ही त्यांच्याशी किती भांडायचात, ते नाही सांगितलं.

सगळंच मला पटतं असं नाही. संध्याकाळी मासेमारीच्या होड्या दिवे लावून ओळीने समुद्रावर जातात आणि पहाटे परततात. रात्रभर जाळी ओढून आलेल्या माणसाला घरी येऊनही हा ठोका ऐकावा लागत असेल. मालकाने बॉक्स डोंगराकडे फिरवलेत, पण पाण्यावरून आवाज जायचा तो जातोच. हे मी त्याला बोलले. तो हसला आणि पलीकडे बोट दाखवलं: तिकडे लग्नाचा मांडव होता, आणि भोंगे पहाटे पाचला सुरू! खमेर लग्नापुढे आमची पार्टी म्हणजे भजनी मंडळ. तरीही मला वाटतं, लग्न त्यांचं आहे, पार्टी त्यांची नाही.

आणि आई, ती लाओसची बातमी. नोव्हेंबर 2024 मध्ये वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक गेले, ते खरं आहे. तेही असंच नदीकाठचं, पोराटोरांचं गाव. म्हणून फुकट वाटलेला ग्लास मी घेत नाही. समोर उघडलेली बाटलीतली बिअर घेते, कधीतरी एखादी. लिहून टाकलं, आता रागवायचं तर एकदाच रागाव.

जेवणाचं ऐक. सकाळी नाक्यावर एक मावशी चुलीवर खळग्यांचा तवा ठेवून बसते. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध, वर कांद्याची पात. नाव 'नुम क्रोक', पण आपलेच आप्पे. मी 'आप्पे' म्हटलं की ती 'आप्पे, आप्पे' म्हणत दोन जास्त घालते. मासे नारळाच्या दुधात, गवती चहा-हळदीच्या वाटणात कालवून केळीच्या पानाच्या द्रोणात उकडतात, त्याला 'आमोक' म्हणतात. तुझ्या हातचं तिखट त्यात नाही, पण तुला आवडेल. 'प्रहोक' नावाचा आंबवलेल्या माशांचा लगदा असतो. त्याच्या वासाने बाकीची पोरं पळाली, मी सुकट-खाऱ्यावर वाढलेली, मला काय त्याचं! आणि मंगळवारला इथे 'अंगार' म्हणतात. तुझ्या अंगारकीचा अंगारक इथे दर आठवड्याला येतो, उपास न करता.

परवा पंचवीस किलोमीटरवरच्या केपला गेले. बायका कमरेएवढ्या पाण्यात जाऊन वेताचे पिंजरे ओढून आणतात, त्यातल्या जिवंत कुर्ल्या आपण निवडायच्या, त्या तिथेच हिरव्या मिरीच्या अख्ख्या घोसांसकट परतून देतात. मिरीचा दाणा दाताखाली फुटला आणि मला आपल्या पोफळी दिसल्या.

बाबा, खरं पत्र इथून सुरू होतं.

कंपोटची मिरी फ्रेंचांच्या काळापासून नावाजलेली. 1975 नंतर ख्मेर रूज या कम्युनिस्टांच्या राजवटीत मळे ओसाड पडले. लोकांनी ते पुन्हा उभे केले आणि 2010 साली भौगोलिक मानांकन मिळवलं, 2016 ला युरोपानेही ते मान्य केलं. मी एका मळ्यात दिवसभर होते. इथे वेल पोफळीवर नाही, पुरुषभर उंचीच्या दुप्पट लाकडी खांबांवर चढवतात. एकाच वेलाची मिरी चार तऱ्हांनी विकतात: हिरवी ताजी, काळी, लाल, पांढरी. आपण घोस हिरवा असतानाच उतरवतो, वाळवून काळी करतो आणि व्यापारी देईल त्या भावाला देतो. इथे काही घोस पुरते पिकू देतात. मग एक बाई सुपात घोस घेऊन बसते, लाल झालेला दाणा तेवढा खुडते, हिरवा बाजूला टाकते. तासभर बघत होते, वाटीभरही झाली नव्हती. पण ती लाल मिरी काळीपेक्षा बरीच महाग जाते. चवीला आधी गोडसर, मग तिखट.

भाव नावाला मिळतो आणि आपल्याकडे ते नाव नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. तरी विहिरीकडच्या दोन पोफळींवरची पन्नियूर-1 जातीची मिरी यंदा अजून उतरवली नसेल, तर तिचे चार घोस वेलावरच ठेवा. गड्याला सांगा, नाहीतर तो सवयीने सगळं खाली आणेल. पाखरं खातील, तर जुन्या जाळ्याचा तुकडा बांधा. मी 14 मार्चला पोचते. खुडायला मी बसेन.

आई, आप्प्याचं पात्र माळ्यावरून काढून ठेव.

तुमची,
बाय

ता. क. आत्येला हे पत्र दाखवलंत तरी चालेल, बिअरची ओळ तेवढी बोटाने झाका.