तंजावरची गादी कंपनीने 'परत' दिली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तंजावरच्या भोसल्यांवरील रविवारच्या लेखात 'अमरसिंहाने बळकावलेली गादी इंग्रजांनी खऱ्या वारसाला मिळवून दिली' असे वाक्य आहे. ते दुरुस्त व्हायलाच हवे. १७८७ मध्ये अमरसिंहांना गादीवर बसवले ते ईस्ट इंडिया कंपनीनेच.

तंजावरचे राजे तुळजाराजे यांच्या पोटी वारस उरला नव्हता. मृत्यूच्या काही दिवस आधी, जानेवारी १७८७ मध्ये, त्यांनी भाऊबंदांतला नऊ वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला. सावत्र भाऊ अमरसिंहांनी हरकत घेतली. कंपनीने पंडितांना विचारले. त्यांनी दत्तक अशास्त्र ठरवला, कारण राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते, मुलाचे वय उलटले होते, शिवाय तो बापाचा एकुलता एक होता.

यातला एकुलतेपणाचा आक्षेप खरा वजनदार. एकुलता मुलगा देऊ नये, घेऊ नये, असे वसिष्ठ धर्मसूत्रात स्पष्ट आहे. वयाचा आक्षेप मात्र लंगडा. पाच वर्षांची मर्यादा दत्तकमीमांसा या ग्रंथातली, कालिकापुराणातल्या वचनावर उभी. आपल्याकडे पूर्वी चालणारा व्यवहारमयूख हा धर्मशास्त्राचा ग्रंथ ते वचनच विश्वासार्ह मानत नाही; त्याला लग्न झालेला दत्तकही चालतो. (एकुलत्याचा दत्तक कायदेशीर ठरायला प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, १८९९ चा निकाल यावा लागला.) थोडक्यात, निकाल कोणता ग्रंथ उघडता यावर होता, आणि पंडित निवडत होती कंपनी.

पुढे मिशनरी श्वार्त्झ यांनी सरफोजींची बाजू लावून धरली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवले. मग बंगालकडच्या पंडितांची मते आली आणि तोच दत्तक सशास्त्र ठरला! १७९८ मध्ये अमरसिंह उतरले, सरफोजी बसले. याची किंमत २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहात दिसते. मुलकी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला १ लाख स्टार पगोडा (मद्रासकडची सोन्याची नाणी), म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

लेखाचा मुख्य आधार तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आहे. वंशावळीसाठी तो अमोल. पण तो १८०३ चा, सरफोजींच्याच आज्ञेने कोरलेला. अमरसिंहांविषयी त्याची साक्ष एकतर्फी धरली पाहिजे. लेखमालेच्या पुढच्या भागात १७८७ चा अमरसिंहांशी आणि १७९९ चा सरफोजींशी, अशा कंपनीच्या दोन्ही तहांची कलमे शेजारी शेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक