नाव दिलंत ना, मग परत मागू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुपरहिरोचं नाव त्याच्यानंतर दुसऱ्या कोणाला द्यावं की नाही हा वाद दर नव्या सिनेमाला, दर नव्या सिरीजला निघतो आणि दरवेळी तेच ऐकायला मिळतं, की खरा तो एकच, बाकीचे डुप्लिकेट, नवीन कॅरेक्टर आणायचंय तर त्याला स्वतःचं नवीन नाव द्या ना. मी लहानपणापासून कॉमिक्स वाचतेय आणि मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो तो बऱ्याचदा ओरिजिनल नसतोच. फ्लॅश घ्या, म्हणजे प्रचंड वेगाने पळणारा सुपरहिरो. बहुतेकांना फ्लॅश म्हटलं की बॅरी ॲलन आठवतो, पण बॅरी आला १९५६ साली आणि त्याच्या आधी १९४० मध्येच जे गॅरिक नावाचा फ्लॅश होऊन गेला होता. बॅरीच्या पहिल्याच गोष्टीत तो लॅबमध्ये बसून जेचं जुनं कॉमिक वाचत असतो, मग वीज पडते, केमिकल्स अंगावर उडतात, आणि पळता यायला लागल्यावर हा माणूस आपल्या आवडत्या हिरोचंच नाव घेतो. म्हणजे ज्याच्या नावाने लोक वारसदारांना नावं ठेवतात तो स्वतःच वारसदार आहे आणि मनापासून फॅन आहे! आणि आपल्याकडे ज्याला वेताळ म्हणून वाचलं गेलं तो ली फॉकचा फँटम, १९३६ पासूनचा, त्याची तर सगळी गोष्टच वारशावर उभी आहे. १५३६ मध्ये पहिल्याने शपथ घेतली, आपण वाचतो तो एकविसावा, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा मरतच नाही. कवटीच्या गुहेत प्रत्येकाने आपापली हकीकत लिहून ठेवलेली वह्यांची रांगच्या रांग आहे, मुलगा येतो, बापाची वही वाचतो आणि पुढची उघडतो. ते वाचताना मला कधीच वाटलं नाही की एकविसावा खोटा आहे.

तर द्यावं की नाही, यावर माझं उत्तर सरळ आहे, द्यावं. माझं भांडण आहे ते दिल्यानंतर जे करतात त्याच्याशी.

वॉली वेस्टचं जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. वॉली १९५९ पासून किड फ्लॅश म्हणजे बॅरीचा चेला. १९८५ मध्ये एका मोठ्या कथेत बॅरी सगळ्यांना वाचवताना मरतो आणि वॉली त्याचा ड्रेस घालतो. इथे लेखकांनी घाई केली नाही हे मला फार आवडलेलं. वॉली आधी बॅरीएवढा पळूच शकत नव्हता, जेमतेम आवाजाच्या वेगापर्यंत जायचा, पळाला की भयंकर भूक लागायची, पैशाच्या बाबतीत गोंधळ, स्वभाव चिडका, म्हणजे बॅरीच्या शेजारी उभा केला तर काहीच नाही असा. आणि मग १९९३ मध्ये ती कथा आली ज्यात बॅरी परत आल्यासारखा वाटतो आणि तो निघतो बॅरीचा सगळ्यात मोठा शत्रू, बॅरीचं नाव घेऊन फिरणारा. त्यात कळतं की वॉलीच्या पायात काही दोष नव्हताच, तो मनातूनच स्वतःला अडवत होता, कारण पूर्ण वेगाने पळालो तर बॅरीची जागा खरंच भरली जाईल आणि मग बॅरी खरंच गेला असं होईल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले होते. गेलेल्या माणसाची जागा घेताना जे वाटतं ते इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठेच वाचलेलं नाही, आणि वॉलीला नवीन नाव देऊन ही गोष्ट सांगताच आली नसती. तिथे फ्लॅश हेच नाव लागतं, त्या नावाचं ओझं लागतं.

मग पुढे काय केलं? वीस वर्षांहून जास्त काळ वॉली फ्लॅश होता, त्याच्यावरच आम्ही लहानाचे मोठे झालो, त्याचं लग्न झालं, जुळी मुलं झाली, आणि २००८ मध्ये बॅरीला परत आणलं. बरं, आणलं तर आणलं. पण २०११ मध्ये सगळं नव्याने सुरू केलं तेव्हा बॅरी एकटाच फ्लॅश, आणि वॉली गायब! मेला पण नाही, नुसता नाहीच. २०१६ मध्ये परत आणला तेव्हा फ्लॅशना जिथून वेग मिळतो त्या शक्तीच्या प्रवाहात तो विरघळत चाललेला असतो आणि एकेकाकडे जाऊन विनवतो की मला ओळखा, स्वतःच्या बायकोकडे, लिंडाकडे जातो आणि ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघते. शेवटी बॅरीला आठवतं आणि तो हात धरून ओढून काढतो. सीन सुंदर आहे, रडू आलं, पण राग पण आला, कारण ज्याने इतकी वर्षं ते नाव सांभाळलं त्याला मला विसरू नका म्हणत फिरावं लागलं.

उलट बाजू पण बघा, म्हणजे वारसदाराला वेळच दिला नाही तर काय होतं. बॅटमनचा चेला रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, मोठा होऊन १९८४ मध्ये नाईटविंग नावाचा वेगळा हिरो झाला आणि रॉबिन हे नाव जेसन टॉडकडे आलं. सुरवातीला जेसन म्हणजे डिकची कार्बन कॉपी, तोही सर्कसवाल्यांचाच मुलगा. मग १९८७ मध्ये ते बदलून त्याला बॅटमोबीलची चाकं चोरणारा रस्त्यावरचा पोरगा केलं, जे मला खरंतर खूप आवडलं होतं, पण वाचकांना तो नकोच होता. १९८८ मध्ये जेसनला जगवायचं की मारायचं यासाठी फोन नंबर दिले. मारा म्हणणारे ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ चा. बहात्तर फोन! एका पोराला त्याच्या आधीच्याशी सारखं तोलत राहिलं की असं होतं, आणि यात दोष जेसनचा नाही, तोलणाऱ्यांचा आहे.

आता नाव कोणी द्यायचं, हा पण मोठा मुद्दा आहे. २०१९ च्या ॲव्हेंजर्सच्या सिनेमात म्हातारा झालेला स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, स्वतःच्या हाताने आपल्या मित्राला, सॅम विल्सनला, आपली ढाल देतो. २०२१ च्या सिरीजमध्ये सॅमला ती आपली वाटत नाही म्हणून तो म्युझियमला देऊन टाकतो, आणि सरकार ती उचलून जॉन वॉकरला देतं. पदकं मिळवलेला सैनिक, दिसायला पण शोभणारा. आणि हाच वॉकर भर चौकात, लोक मोबाईलवर शूट करत असताना, त्या ढालीने एका माणसाचा जीव घेतो, आणि मग तो उभा राहतो तेव्हा ढालीच्या खालच्या कडेवर रक्त दिसतं. ती ढाल मी लहानपणापासून बघत आले होते, तिच्यावर रक्त बघून पोटात कसंतरी झालं. हुद्दा सरकार देऊ शकतं, पण हे नाव देता येत नाही, ते आधीच्याने द्यावं लागतं आणि नंतरच्याने मनापासून घ्यावं लागतं. सॅमने ते घेतलं ते आयझाया ब्रॅडलीला भेटून, म्हणजे ज्या काळ्या सैनिकावर प्रयोग करून त्याला तुरुंगात डांबलं होतं त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर. इतकं सगळं कळूनही त्याने ढाल उचलली, म्हणून माझ्यासाठी सॅम हाच कॅप्टन अमेरिका आहे.

कंपन्या हे सगळं प्रेमापोटी करतात असं मी म्हणत नाही. नाव वापरात राहिलं नाही तर ट्रेडमार्कवरचा हक्क जायची भीती असते. कॅप्टन मार्व्हल हे नाव १९४० मध्ये एका कंपनीचं होतं, सुपरमॅनची नक्कल म्हणून कोर्टात केस चालली, १९५३ मध्ये ते कॉमिक बंद पडलं आणि १९६७ मध्ये मार्व्हलने नाव उचललं, त्यानंतर ते या ना त्या कॅरेक्टरकडे फिरतंच आहे. पण कारण धंद्याचं असलं तरी त्यातून चांगली गोष्ट निघू शकते, आधी मिस मार्व्हल असलेली कॅरल डॅनव्हर्स २०१२ मध्ये कॅप्टन मार्व्हल झाली म्हणून मिस मार्व्हल हे नाव मोकळं झालं आणि कमला खानला मिळालं, आणि कमला मला फार प्रिय आहे.

सिनेमात ब्लॅक पँथर, म्हणजे टी'चाला, झालेला चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला तेव्हा टी'चाला दुसऱ्या नटाने करावा असं पुष्कळ लोक म्हणत होते. मला टी'चालाच्या बहिणीला, शुरीला, ब्लॅक पँथर केलं तेच बरोबर वाटतं, कारण ते मुळात त्यांच्या वाकांडा या देशातलं पदच आहे, टी'चालाकडेही ते वडिलांकडून आलेलं.

म्हणून संपादक महोदय, जे लिहितात, छापतात, सिनेमे काढतात त्यांच्यापर्यंत एवढंच पोचावं असं वाटतं की एकदा नाव दिलंत की परत काढून घेऊ नका. जुना परत आला तर येऊ दे, पण नव्याला घालवून नको. माइल्स मोरालेस २०११ मध्ये स्पायडरमॅन झाला, आज तो आणि पीटर दोघंही तेच नाव लावतात, काय बिघडलं? आणि हे तर १९६१ मध्येच करून दाखवलंय. त्या वर्षी बॅरी आणि जुना जे पहिल्यांदा एका अंकात भेटले. कव्हरवर मधोमध विटांची भिंत, एका बाजूला बॅरी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पंखांचं लोखंडी टोपडं घातलेला जे, पुढे एका माणसावर गर्डर कोसळतोय, आणि दोघं आपापल्या बाजूने जीव तोडून त्याच्याकडेच धावतायत.

आपली,
एक जुनी वाचक