एक्झॉस्ट बदलल्यानंतर ऑक्सिजन सेन्सरच्या वायरिंगचे सदोष काम : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी वाढवण्याचे सदोष काम आणि फ्यूजच्या जागी जास्त क्षमतेचा फ्यूज बसवल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला लांब नळ्यांचे हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) आणि त्यामागची पूर्ण एक्झॉस्ट लाइन बसवून घेतली. पाइपांच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वेल्डिंग सफाईदार आहे, फ्लँजमधून कुठे गळती नाही आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठरल्याप्रमाणे जागेवर आहे. तक्रार आहे ती धुरातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरिंगबद्दल, आणि त्यातला दोष दाखवून दिल्यावर तो दूर करण्याऐवजी ज्या रीतीने दाबून टाकण्यात आला त्याबद्दल. या प्रकारातून गाडीला आग लागू शकली असती, म्हणून हा विषय फोनवरच्या बोलण्यावर न सोडता मी लेखी मांडत आहे.

गाडीत असे दोन सेन्सर आहेत, कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक. मूळ मॅनिफोल्डवर (हेडरच्या जागी आधी असलेल्या भागावर) पुढचा सेन्सर इंजिनाला अगदी लागून होता. नव्या हेडरमध्ये तो चारही नळ्या एकत्र येतात तिथे, म्हणजे बराच खाली गेला, आणि मूळ वायर तिथवर पुरणार नव्हती. हे काम ठरवतानाच आपल्या लोकांनी सांगितले होते आणि वायर वाढवण्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरली होती. दोन्ही टोकांना मूळ पद्धतीचे कनेक्टर असलेली तयार एक्स्टेन्शन वापरली जाईल आणि गाडीच्या वायरी कापल्या जाणार नाहीत, असे जॉबकार्डवर स्पष्ट लिहिलेले आहे.

चेक इंजिनचा दिवा वारंवार लागू लागल्यावर मी गाडी दुसऱ्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लिफ्टवर घेऊन तपासून घेतली. पुढच्या सेन्सरच्या चारही वायरी मधोमध कापून त्यांना एकाच लाल रंगाच्या चार वायरी जोडलेल्या होत्या, आणि कोणती कशाची हे ओळखायला एकाही वायरवर खूण नव्हती. सेन्सर तापवणाऱ्या हीटरच्या दोन वायरी आपापसांत बदलल्या तर चालते, पण संकेताची वायर आणि तिची अर्थिंगची वायर यांच्या बाबतीत तसे चालत नाही, त्यामुळे पुढे कोणी हे जोड उघडले तर केवळ रंग पाहून त्याला काहीच कळणार नाही. चारही जोड पिळून, वर सोल्डर ओतून, एकमेकांना लागून एकाच ठिकाणी केले होते आणि त्यांवर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. ती टेप वितळून चिकट लगदा झाली होती. हा सगळा गठ्ठा कुठेही क्लिपने बांधलेला नसल्यामुळे तो हेडरच्या नळीवर टेकला होता, आणि हीटरला पुरवठा करणाऱ्या वायरचे आवरण जळून आतले तांबे उघडे पडले होते. याचे फोटो पत्रासोबत जोडले आहेत.

सोल्डरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या सुपरवायझरने सोल्डर केलेला जोड सर्वांत पक्का असतो, असे मला सांगितले. इतर ठिकाणी ते बरोबर असेलही. मात्र झिर्कोनिया प्रकारचा सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी करून व्होल्टेज तयार करतो, आणि अनेक सेन्सरमध्ये ही बाहेरची हवा वायरच्या तारांमधल्या बारीक फटींतून आत पोहोचते. सोल्डरने आणि त्यासोबतच्या फ्लक्सने त्या फटी बुजतात. सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या वायर सोल्डर करू नका, क्रिंप करा (धातूच्या जोडणीत दाबून बसवा) असे सांगतात ते याच कारणासाठी. एक्झॉस्टचे काम हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना हे माहीत असावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आता फ्यूजबद्दल. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा स्कॅनरवर पी०१३५ आणि पी०१४१ हे दोन कोड एकदम आले होते. पहिला पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा आणि दुसरा मागच्या सेन्सरच्या. माझ्या गाडीत दोन्ही हीटरना एकाच फ्यूजमधून पुरवठा होतो, तेव्हा दोन्ही कोड एकाच वेळी येण्याचा सरळ अर्थ फ्यूज उडाला आहे असा होतो, आणि फ्यूज उडाला तर वायर कुठे तरी बॉडीला किंवा एक्झॉस्टला लागते आहे का हे आधी पाहायचे असते. आपल्या वर्कशॉपने ते पाहिले नाही. फ्यूज बदलला, कोड पुसले आणि गाडी परत दिली. त्याच संध्याकाळी मी स्कॅनर लावला तेव्हा सेन्सर आणि कन्व्हर्टरच्या स्वयंचाचण्या (गाडी चालताना तिचा संगणक आपोआप घेतो त्या) अपूर्ण दिसत होत्या, म्हणजे कोड पुसल्यावर दुरुस्ती टिकते की नाही हे पाहण्याइतकी गाडी चालवलीच गेली नव्हती. तरीही जॉबकार्डवर ‘तपासले, ठीक’ असा शेरा आहे.

दिवा पुन्हा लागला आणि गाडी पुन्हा आपल्याकडे आली. त्या वेळी जे केले गेले ते मला सर्वांत गंभीर वाटते. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्या जागी १५ अँपिअर लिहिलेले आहे, आणि तिथे निळा फ्यूज असायला हवा. इलेक्ट्रिशियनने झाकण उघडले तेव्हा तिथे हिरवा, ३० अँपिअरचा फ्यूज होता. फ्यूज वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. दुप्पट क्षमतेचा फ्यूज बसवल्यावर फ्यूज उडायचा थांबतो, पण त्याऐवजी वायर तापते, आणि इथे ती वायर इंजिनाखाली तापलेल्या नळीवर उघडी पडलेली होती. या अवस्थेत माझे कुटुंबीय त्या गाडीतून प्रवास करत होते. हे कोणाच्या सांगण्यावरून झाले आणि जॉबकार्डवर त्याची नोंद का नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

मॉडिफिकेशन केले की दिवा लागतोच, असे मला आपल्या काउंटरवर सांगण्यात आले. नव्या एक्झॉस्टमुळे पी०४२० हा कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा कोड आला असता तर त्यावर चर्चा होऊ शकली असती. हीटर सर्किटचा कोड मात्र निव्वळ विजेच्या जोडणीचा असतो आणि पाइपाच्या व्यासाशी त्याचा काही संबंध नसतो. उलट, सेन्सर इंजिनापासून दूर गेल्यावर हीटरची गरज वाढते, कारण हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय भरवशाचा संकेत देत नाही. माझ्या गाडीत नेमके तेच घडत होते. तापलेल्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवे. सिग्नलला गाडी थांबली की ते ०.४५ च्या आसपास येऊन स्थिर राहत होते, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) हवा-पेट्रोलचे मिश्रण अंदाजाने ठरवत होता, पेट्रोलचा वास येत होता आणि मायलेज घटले होते.

मागच्या सेन्सरच्या जागी संकेताची नक्कल करणारे सर्किट लावून दिवा कायमचा बंद करून देऊ, असाही प्रस्ताव आपल्याकडून आला. तो मला मान्य नाही. मागचा सेन्सर कन्व्हर्टर काम करतो आहे की नाही हे सांगतो, आणि ती माहिती मला हवी आहे. धूर स्वच्छ राहावा म्हणूनच मी कन्व्हर्टर काढू दिला नव्हता.

माझी मागणी अशी आहे की दोन्ही सेन्सर नवे आणि गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या क्रमांकाचे बसवावेत, कापलेला हार्नेस (वायरींचा संच) मूळ कनेक्टरपर्यंत पूर्ववत करावा आणि ठरल्याप्रमाणे तयार एक्स्टेन्शन वापरावी. वायरींवर उष्णता सहन करणारे स्लीव्ह असावे आणि त्या हेडरपासून दूर, बॉडीला क्लिपने बांधलेल्या असाव्यात. फ्यूज १५ अँपिअरचाच असावा. कोड पुसल्यानंतर गाडी स्वयंचाचण्या पूर्ण होईपर्यंत चालवून स्कॅनरचा अहवाल मला द्यावा. या सर्वांचा खर्च आपल्या कंपनीने करावा, आणि वायर वाढवण्याची घेतलेली मजुरी व इलेक्ट्रिशियनच्या तपासणीचे बिल मला परत मिळावे. जळालेल्या वायरी आणि हिरवा फ्यूज मी जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञांना ते माझ्या उपस्थितीत पाहता येतील.

गाडी सध्या मी वापरत नाही. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. दरम्यान, त्याच तंत्रज्ञांनी अशाच पद्धतीने वायरी जोडलेल्या इतर ग्राहकांच्या गाड्याही बोलावून त्यांचे जोड आणि फ्यूज तपासावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : जॉबकार्डच्या प्रती, वायरिंगचे व फ्यूजबॉक्सचे फोटो, स्कॅनरच्या नोंदी, इलेक्ट्रिशियनचा तपासणी अहवाल व बिल.