नळ यायच्या आधी बॅरल घासायचं

सिंगापूर,
श्रावणातला रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

वि. वि. पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे ठीक आहोत. फोनवर डेंग्यूच्या डासांचा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघतो" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई लगेच "जेवलीस का" वर येते. म्हणून लिहून पाठवतेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून फ्रिजच्या दारावर लाव.

परवा मावशीकडून कळलं की आपल्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरी डेंग्यू निघालाय, आणि समोरच्यांची नात पण दवाखान्यात आहे. तुम्हाला विचारलं तर बाबा म्हणाले, "धूर मारून गेलेत, आता काळजी नाही." आई म्हणाली, "आपल्याकडे कुठे घाण आहे गं?" मला या दोन्ही वाक्यांची धास्ती वाटते.

आई, तुझं आधी घेते. हा डास गटारातला नाहीच. गटारात होतो तो वेगळा, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस; काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. त्याला स्वच्छ, साठवलेलं, न हलणारं पाणी लागतं. म्हणजे तू इतक्या निगुतीने भरून झाकून ठेवतेस ना, तेच पाणी. झाकण म्हणून तू बॅरलवर परात ठेवतेस, आणि परात एका बाजूला उचललेली असते. डासाला तेवढी फट पुष्कळ झाली. आणि हा डास फार लांब उडतही नाही, शे-दोनशे मीटरच्या आतबाहेरच घुटमळतो. तेव्हा आपल्याला चावणारा बहुतेक आपल्याच नाहीतर शेजारच्या घरात जन्मलेला असतो.

सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळ येतो. उजनी धरण भरलं म्हणून पेपरात फोटो येतो आणि आपण मात्र बॅरलं, घागरी, पातेली भरत बसतो, हे काही नवीन नाही. त्यामुळे "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा" असं आरोग्य खात्याची माणसं सांगून गेली की तुमचा जीव वर येतो. पाणी ओतून द्यायचं? जुळे सोलापूर असो की जुन्या पेठा, आपल्याकडच्या कुठल्या बाईच्या हातून ते होईल? मी पण सांगत नाही ओतायला.

पण हिशेब बघा. अंड्यातून डास बाहेर पडायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. नळ येतो चौथ्या-पाचव्या दिवशी. म्हणजे प्रत्येक नळाला प्रत्येक बॅरल तळापर्यंत रिकामं होऊन घासून भरलं, तर एकाही डासाचं आयुष्य पूर्ण होणार नाही. पाणी रोज येत नाही याचा आयुष्यात पहिल्यांदाच काही उपयोग होतोय म्हणायचं.

घोटाळा कुठे होतो तर बॅरल रिकामं होतच नाही. आपण तळाशी राहिलेल्या हात-दोन हात पाण्यावर नवं पाणी चढवतो. आणि आई, ते मोरीजवळचं निळं बॅरल तर "अडीअडचणीला असू दे" म्हणून कित्येक नळ तसंच उभं असतं. ते चुकलं असं नाही. नळ कधी दगा देईल सांगता येत नाही. फक्त फिरवून वापरायचं. जुना गहू संपल्याशिवाय तू नव्या पोत्याला हात लावतेस का? तसंच. या वेळी राखून ठेवलेलं पाणी पुढच्या नळाच्या आदल्या दिवशी कपड्यांना, फरशीला काढायचं आणि राखीव म्हणून दुसरं बॅरल भरायचं.

तळाचं पाणी सुद्धा फुकट घालवू नकोस. जुन्या धोतराचा दुहेरी कपडा बादलीवर बांध आणि त्यातून गाळून घे. ते पाणी संडासाला चालेल. कपड्यावर अळ्या राहतील, त्या उन्हात टाकल्या की मरतात. झाडाच्या मातीत ओतलंस तरी चालेल. फक्त ते पाणी दुसऱ्या भांड्यात तसंच ओतू नकोस, नाहीतर अळ्यांचं नुसतं घर बदलेल.

आता घासणं. पाणी काढलं म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं, पण मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, बॅरलच्या ओलसर आतल्या अंगाला चिकटवते, एका खेपेला शंभराच्या आसपास, तीही चार भांड्यांत वाटून. काळे बारीक ठिपके, खसखशीपेक्षा लहान, लक्षात सुद्धा येत नाहीत. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं विसळून भागत नाही. काथ्याने नाहीतर तारेच्या घासणीने रेघेच्या वरचा पट्टा खरखरून काढायचा. आमच्याकडे लहानपणी हे काम दिवाळीला व्हायचं, ते आता दर नळाला.

अळ्या आहेत की नाही हे बघायचं असेल तर बाबा, सकाळी मोबाइलची बॅटरी घेऊन बॅरलमध्ये वाकून बघा. प्रकाश तिरका टाका. आधी काही दिसणार नाही. मग पृष्ठभागाला शेपटीने लटकलेल्या, डोकं खाली केलेल्या काड्या दिसतील. बॅरलला टिचकी मारली की सगळ्या वळवळत खाली पळतात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला एकेक करून वर येतात. स्वल्पविरामासारख्या वाकड्या दिसल्या तर ते कोष. एक-दोन दिवसांत डास होणार. तुरटी फिरवून या मरत नाहीत.

अंगणातल्या हौदाचं वेगळं आहे. तो दर नळाला रिकामा होणं शक्य नाही. बाबांनी हौदात उतरायचं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. शेवाळावर पाय सरकला तर डेंग्यू परवडला म्हणायची वेळ येईल. हौद धुवायला माणूस बोलवा, पैसे मी पाठवते. आणि त्यात गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या हिवताप विभागात मागितले तर मिळतात; दादा आणून देईल. मासे सोडल्यावर हौदात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची नाही, मासे मरतील. त्यांना खायला पण घालू नका. पोट भरलं तर अळ्या कोण खाणार?

मलेरियावाले आले की आई दारातूनच परत पाठवते, हे मावशीने सांगितलं. "आमच्या पिण्याच्या पाण्यात हात घालतात" म्हणे. अगं, ते जे अ‍ॅबेट टाकतात ते ठरलेल्या मापात पिण्याच्या पाण्यालाही चालतं, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेलं औषध आहे. तरी मनाला पटत नसेल तर पिण्याचं पाणी तू वेगळं, तांब्याच्या घागरीत दर नळाला बदलून ठेव आणि वापराच्या पाण्यात त्यांना टाकू दे. पण त्यांना आत येऊन बघू दे. त्यांना सवय असते. आपल्याला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण उन्हाने वाकलंय, मागच्या वेळी मीच बघितलं. नवीन बसवा. टाकीतून वर निघालेल्या हवेच्या पाइपाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी किंवा कापड बांधायचं, हे बहुतेक घरी राहून जातं.

आणि बाबा, गच्चीवरचा तुमचा संसार! स्कूटरचं टायर, रंगाचे डबे, फुटकं सिंक, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेलं सगळं. टायर तर एडिसचं आवडतं घर. कसंही ठेवलं तरी आत पाणी राहतंच. भंगारवाल्याला द्या. एवढ्या वर्षांत ते लागलेलं नाही. डबे ठेवायचेच असतील तर पालथे. गच्चीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या वळ्यांत पावसाचं पाणी साचतं, तीही ओढून ताणून बांधा.

कूलर जूनमध्ये बंद केला तसाच खिडकीत असेल. त्याच्या टबात पाणी आहे का बघा. गवताचे पॅड काढून टाका, पुढच्या उन्हाळ्यात नवे घालू. जुन्यांवर अंडी चिकटलेली असली तर मार्चमध्ये पहिलं पाणी सोडलं की आयतीच फुटतील. टब घासून, पुसून, कोरडा करून ठेवायचा.

वरच्या मजल्यावरची माझी खोली बंद असते ना, तिथला संडास-बाथरूम कोणी वापरत नाही. फ्लशच्या टाकीत आणि भांड्यात पाणी उभं असतं. दर नळाला एकदा वर जाऊन फ्लश ओढा, बादली पालथी घाला. जिना चढायला आईला त्रास होतो, तेव्हा हे बाबांकडे.

बाकी किरकोळ: फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, चिमण्यांसाठीचं मातीचं भांडं. चिमण्यांना पाणी ठेवायचं बंद करू नकोस आई, फक्त रोज बदल आणि भांडं आतून हाताने पुस.

तुम्हाला वाटेल, सिंगापुरात बसून हिला शिकवायला काय जातंय. इथे चोवीस तास नळ, कुणाकडे बॅरल नाही, रस्ते चकचकीत. तरी २०२० साली इथे ३५ हजारांहून जास्त लोकांना डेंग्यू झाला. एवढ्याशा शहरात! सरकारी पर्यावरण संस्थेची माणसं घरात येऊन कुंड्यांच्या ताटल्या, बादल्या तपासतात. अळ्या सापडल्या तर घरमालकाला २०० डॉलर दंड. वस्तीत दहा किंवा जास्त रुग्ण झाले की लाल फलक लागतो. शिवाय वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले नर डास मुद्दाम सोडतात. नर चावत नाही, पण त्याच्याशी संग झालेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. इतकं सगळं करूनही हे लोक ताटलीतलं पाणी काढा म्हणून पिच्छा पुरवतातच, कारण बाकी सगळं त्यानंतरचं.

आता बाबांचा धूर. त्या धुराने उडणारे डास मरतात, तेही त्याला सापडले तर. पाण्यातल्या अळ्यांना आणि चिकटलेल्या अंड्यांना त्याचं काहीच होत नाही. चार दिवसांत नवी पिढी हजर. त्यात हा डास घरात अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो, पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत. आणि गाडी आली की आपण काय करतो? वास येतो म्हणून खिडक्या लावून घेतो.

हा डास सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त चावतो. बाबा दुपारचे उघड्या अंगाने लुंगीवर ओसरीत झोपतात. आता पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा घालून झोपा, आणि मच्छरदाणी रात्रीइतकीच दुपारी लावा.

एवढं करूनही ताप आला तर ऐका. अंगावर काढायचा नाही. ताप आला की फक्त पॅरासिटामॉल. आईची गुडघेदुखीची लाल गोळी ताप असेपर्यंत बंद. तसल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. बाबांची रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही आणि मनाने चालूही ठेवायची नाही, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून विचारायचं. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी करतात. ताप उतरला म्हणून सुटलो असं समजू नका, डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, माणूस गळून जाणं किंवा अस्वस्थ होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना. तुमच्या वयात ताप फारसा चढतही नाही कधी कधी, त्यामुळे थर्मामीटर बघून निर्धास्त राहू नका. पपईच्या पानांचा रस वगैरे शेजारचे सांगतील. त्यांना हो म्हणा आणि दवाखान्यात जा.

दादा दर नळाच्या आदल्या संध्याकाळी येऊन बॅरलं आडवी करून देईल, मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तो नाही आला तर मला कळवा, त्याच्यावर रागावू नका, मी बघते. शेजारच्या काकूंना पण हे पत्र वाचून दाखव आई. त्यांच्या गच्चीवरचं पाणी आपल्या घरी डास पाठवतं, पण असं म्हणू नकोस त्यांना. "पोरीने लिहिलंय" म्हण.

गौरी-गणपतीला आम्ही येतोय. शेंगाची चटणी मुलांना पुरत नाही, जास्त करून ठेव.

तुमची,
ताई

ता. क. टाकीच्या पाइपाच्या तोंडाला बांधायला आईची जुनी नायलॉनची साडी चालेल, मुद्दाम जाळी आणायला नको. दुहेरी घडी करून रबराने नाही, सुतळीने बांधा. रबर उन्हात महिन्याभरात तुटतं.