बजेट कमी होतं, पण जे होतं ते गेलं कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत एका छोट्या थरारपटाचं परीक्षण आलं होतं. हायटेक गुन्हा, हॅकर, सर्व्हर आणि शेवटी हाणामारी, असा मामला. आपल्या परीक्षकांनी अडीच तारे देऊन 'बजेट पाहता प्रयत्न प्रामाणिक' असा शेरा मारला आहे. चित्रपट मीही पाहिला. नाव मुद्दाम लिहीत नाही, नवी मंडळी आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण बजेटची ही सबब मला मान्य नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले. बरीच वर्षं ताळमेळ विभागात होते. झालेल्या व्यवहारांच्या मागे लागून 'ही एंट्री कुणी टाकली, पास कुणी केली' असं विचारत बसायचं, हे आमचं काम. त्यामुळे पडद्यावर पैसे पळवले जात असताना माझं लक्ष पिस्तुलाकडे जात नाही, एंट्रीकडे जातं. या चित्रपटाची नायिका एका लॉगिनवरून अख्खी तिजोरी रिकामी करते. मेकर (नोंद टाकणारी) तीच, चेकरही (ती तपासून पास करणारी) तीच! अहो, साधी दुरुस्तीची नोंदसुद्धा एकट्या माणसाला पास करता येत नाही. मला राग चुकीबद्दल नाही आला, हातची संधी घालवल्याबद्दल आला. चेकरचा पासवर्ड मिळवायचा म्हटलं की दुसरं माणूस आलं, त्याच्याशी गोड बोलणं आलं, फसवणूक आली, पकडलं जाण्याची भीती आली. दोन नट आणि एक टेबल, बास. पन्नास मिनिटांचा चित्रपट तिथेच उभा राहिला असता.

त्याऐवजी पैसा कुठे गेला ते पडद्यावर दिसतंच. काचेच्या भिंतींचा नियंत्रण कक्ष, निळे दिवे, भिंतभर स्क्रीन, त्यांवरून धो धो वाहणारी हिरवी अक्षरं. आणि ती पट्टी! 'ट्रान्सफर ९७ टक्के' म्हणत थांबलेली, नायिकेच्या कपाळावर घाम. पैसे पाठवण्याचा संदेश काही ओळींचा असतो, तो जायला घाम फुटेपर्यंत वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नंतर: समोरच्या बँकेने रक्कम जमा करायला, कुणाला शंका यायला, सुट्टी संपायला.

खऱ्या गुन्हेगारांना हे नेमकं ठाऊक असतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेवर, जो दरोडा पडला, त्यात चोर तिच्या स्विफ्टच्या (बँकांनी एकमेकींना पैशांचे संदेश पाठवायच्या) यंत्रणेत शिरले आणि जिथे तिचं खातं होतं त्या न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला त्यांनी पैसे पाठवण्याचे ३५ आदेश धाडले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. मुहूर्त बघा. ढाक्यात गुरुवारची रात्र, म्हणजे पुढे शुक्रवार-शनिवार तिकडची सुट्टी. रविवारी ढाक्याचे लोक कामावर येतील तेव्हा न्यूयॉर्क बंद. सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी असल्यामुळे फिलिपाइन्सचं मनिला बंद, आणि पैसे उतरवायचे होते मनिलातच. ज्या चार खात्यांत ते उतरले ती मे २०१५ मध्ये प्रत्येकी ५०० डॉलर भरून उघडलेली होती. तेव्हापासून त्यांत एक व्यवहार नाही. कॅलेंडर पाठ करून बसलेला इतका चिवट खलनायक आपल्या एकाही पटकथेत मला भेटलेला नाही.

या दरोड्यात स्फोट नव्हता, गोळीबार नव्हता. एक प्रिंटर होता. स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा हा प्रिंटर शुक्रवारी सकाळी बंद आढळला आणि नेहमीसारखा बिघडला असेल म्हणून कर्मचाऱ्यांनी तो तसाच सोडला. मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं, प्रिंटर असतातच तसे. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कने शंका विचारणारे पाठवलेले कागद बाहेर पडू लागले, पण तोवर तिकडे सुट्टी लागलेली. 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चोरांनी चुकवलं म्हणून श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर वाचले. मनिलातली शाखा ज्या रस्त्यावर होती त्याचं नाव ज्युपिटर, आणि ते निर्बंधांच्या (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे अशांच्या) यादीतल्या एका नावाशी जुळत होतं. त्यामुळे बऱ्याच आदेशांना खीळ बसली. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर गेलेच. आता सांगा, बंद प्रिंटरकडे बघणारा एक कारकून चित्रित करायला किती खर्च येतो? प्रेक्षकाला काय चाललंय ते माहीत आहे आणि त्या कारकुनाला नाही, एवढ्यावर दहा मिनिटं खुर्चीत खिळवून ठेवता येतं.

किंवा २०२४ च्या सुरुवातीला उजेडात आलेला हाँगकाँगचा प्रकार घ्या. एका ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीतला कर्मचारी व्हिडिओ कॉलवर बसतो. समोर कंपनीचे अर्थप्रमुख आणि ओळखीचे सहकारी. तो १५ व्यवहारांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून देतो. त्या कॉलवर खरा माणूस तो एकटाच होता, बाकीचे सगळे चेहरे बनावट. एक खोली, एक लॅपटॉप, एक नट. याहून स्वस्त प्रसंग कुणी लिहून दाखवावा.

यावर निर्माते म्हणतील, 'बाई, हा थरारपट आहे, ॲक्शन कुठून आणायची?' ती चोरीतच असते, जरा पुढे. संगणकातले आकडे खर्च करता येत नाहीत, कुणीतरी स्वतःच्या पायांनी जाऊन नोटा आणाव्या लागतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये चोरांनी प्रीपेड कार्डांची मर्यादा उठवली आणि २४ देशांतल्या टोळ्या एकाच वेळी एटीएमवर सोडल्या. साधारण दहा तासांत ३६ हजार वेळा पैसे काढले गेले, सुमारे चार कोटी डॉलर. न्यूयॉर्कच्या टोळीने एकटीने जवळपास तीन हजार वेळा मशीनला हात घातला. कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांत एकाची पाठीवरची सॅक मशीनगणिक फुगत गेलेली दिसते. पळापळ, घड्याळ, रात्रीचं शहर, आपसातला संशय, हावरटपणा, सगळं यात आलं. गाडी उडवायची गरज नाही. (या चित्रपटातली गाडी तशीही संगणकावरच उडवली होती, आणि धूर गाडीच्या आधी निघाला.)

मारामारी हवीच असेल तर तीही कमी पैशांत होते. अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी १९९२ चा 'एल मारियाची' सुमारे सात हजार डॉलरमध्ये चित्रित केला. ट्रॉली नव्हती म्हणून कॅमेरा व्हीलचेअरवर. बंदुका एका गोळीनंतर अडकायच्या, म्हणून तीच गोळी वेगवेगळ्या कोनांतून टिपली आणि संकलनात जोडून गोळ्यांची फैर उभी केली. चित्रपट विकत घेतल्यावर स्टुडिओने वर बराच खर्च केला हे खरं, पण तो आधी त्या सात हजारांत उभा राहिला होता. अडचणीचा असा उपयोग मला आमच्या नव्या मंडळींकडून हवा आहे.

तांत्रिक चुका काढणाऱ्यांतली मी नाही, हेही सांगते. माझा भाचा संगणक सुरक्षेत आहे. पडद्यावर ३०० च्या पुढचा आकडा असलेला आयपी पत्ता (संगणकाचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) दिसला की तो फिदीफिदी हसतो, कारण २५५ च्या पुढे आकडा जातच नाही. मला ते चालतं. खऱ्या कुणाचा पत्ता पडद्यावर येऊ नये म्हणून खोटा वापरला तर बिघडलं काय? (१९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते खास उदाहरणांसाठी राखून ठेवलेत, ते वापरले तर भाचाही गप्प बसेल.) माझी तक्रार माणसांबद्दल आहे. १९८३ च्या 'वॉरगेम्स'मधला मुलगा शाळेच्या संगणकात शिरतो तो कार्यालयातल्या कागदावर लिहून ठेवलेला पासवर्ड वाचून. तो चित्रपट पाहून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना 'असं खरंच होऊ शकतं का' म्हणून विचारलं, आणि पुढच्या वर्षी संगणक सुरक्षेचा राष्ट्रीय निर्देश निघाला. पासवर्ड लिहिलेले कागद मी आमच्या कार्यालयात ड्रॉवरमध्ये, कीबोर्डखाली, एकदा तर चष्म्याच्या घरात पाहिलेत. आपल्या पटकथाकारांना ते कसे दिसत नाहीत?

आपल्या परीक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी कमी बजेटची सवलत देताना पैसा कशावर खर्च झाला तेही दोन ओळींत लिहावं. आणि कुणा नव्या दिग्दर्शकाला बँकेच्या प्रसंगाची पटकथा चेकरकडून तपासून हवी असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहेच. मानधन नको. फक्त ती पट्टी आधी काढून टाका.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी