अर्थ कोणी लावायचा?

महोदय,

‘प्रोटेस्टंट म्हणजे बायबलचा हवा तो अर्थ काढायला मोकळे’ हा समज सरधोपट आहे. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांचे १५ पैकी १४ मुद्द्यांवर एकमत झाले. घोडे अडले ते प्रभुभोजनापाशी: भाकर आणि द्राक्षारसाच्या या विधीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते, असे लूथरचे मत; ते प्रतीक आहे, असे झ्विंग्लीचे. लूथरने तर ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे वचन खडूने टेबलावरच लिहिले होते. पोपला झुगारणाऱ्यांनाही पुढे आपापल्या श्रद्धेची चौकट लिहून काढावीच लागली. कॅथलिकांकडे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये चर्चच्या अर्थाविरुद्ध अर्थ लावायला मनाई केली, हे खरे. पण चर्चचा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे, असे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले. सर्व श्रद्धावंतांनी बायबल वारंवार वाचावे, असा आग्रहही तिने धरला. तो किती जण मनावर घेतात, हा प्रश्न वेगळा.

– एक वाचक