साम्रदच्या दादा-वहिनींना, 'नको' म्हटल्याबद्दल

दादा आणि वहिनी, भांडूपहून सा. न. वि. वि.

खरं तर तुमचं नाव टाकून सगळ्यांना सांगणार होते की भंडारदऱ्याकडे गेलात तर साम्रदला यांच्या होमस्टेमध्येच उतरा, पण तुम्ही फोनवर म्हणालात, नाव नका लिहू ताई, काजव्याच्या सीझनला आधीच फोन उचलून उचलून वैताग येतो आणि खोल्या आमच्या दोनच. बरं, नाही लिहीत. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहिणार, कारण सुट्टीत आपल्याला हवं ते देणारे पुष्कळ भेटतात, पैसे दिले की देतातच, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना तोंडावर नको म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर यादी पाठवलेली आठवतेय ना? शनिवारी सांदण दरी, रात्री काजवे, रविवारी पहाटे कळसूबाई, दुपारी रतनगड, जाता जाता धरण आणि रंधा धबधबा. ऑफिसमधले सगळे असंच करून येतात आणि सोमवारी अर्धमेले होऊन कामाला लागतात. त्यावर तुमचा व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबडा ओरडतोय आणि तुम्ही शांतपणे सांगताय, "ताई, शनवार-रविवार नका येऊ, सोमवारी या. आणि रंध्याला मे महिन्यात काय बघणार, धरणातून पाणी सोडलं नसेल तर नुसते दगड." मला वाटलं खोल्या भरल्या असणार. नंतर वहिनींकडून कळलं की त्या शनिवारी दोन्ही रिकाम्या होत्या. म्हणजे स्वतःचं भाडं बुडवून तुम्ही आम्हाला पुढे ढकललंत, का तर सोबत सत्तरी पार केलेले बाबा आहेत आणि विकेंडला शेंडी ते घाटघर रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की म्हातारं माणूस तासन् तास अडकून पडेल.

आम्ही गाडी न आणता आलो तेही तुमच्यामुळेच. ठाण्याला बदलून कसाऱ्याची लोकल, कसाऱ्याहून शेअर जीपने घाट चढून घोटी, घोटीवरून एसटीने शेंडी आणि तिथे तुम्ही जीप घेऊन हजर. आता समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 पासून सुरू झालाय, गाडीने लवकर पोचता येतं हे मान्य, पण कसाऱ्याच्या पुढे जीपमध्ये बाबांना खिडकी मिळाली आणि ते जे बोलायला लागले ते घोटीपर्यंत थांबले नाहीत. आमच्या घरात ही बातमी आहे.

सांदणचं सांगते. माझा नवरा खास त्या दरीसाठी आलेला, तुमच्या गावापासून चालत जाता येतं म्हणून तर साम्रद निवडलेलं. सकाळी बूट घालून तयार, आणि तुम्ही ओट्यावर उभे राहून पश्चिमेकडे बघून म्हणालात, "आज दरीत नको." आभाळ आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. तुम्ही समजावलंत की दरी म्हणजे कातळाला गेलेली लांबच लांब चीर, दोन्ही बाजूला शे-दोनशे फुटांच्या सरळ भिंती, आत शिरल्यावर बाजूला पळायला जागाच नाही, आणि वरच्या सगळ्या सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, पाणी त्यातूनच कोकणात उतरतं. त्यामुळे आपल्या डोक्यावर थेंब नसला तरी मागे कुठेतरी वळीव कोसळला तर लोंढा खाली येतो. पावसाळ्यात तर ती वाटच बंद. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. आणि सांगून टाकते, त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. संध्याकाळपर्यंत कोरडं ठाक. नवरा म्हणाला, "बघा दादा, उगाच राहिलो." तुम्ही चहा पीत म्हणालात, "नाही पडला तर बरंच झालं की." बस्स, एवढंच. मला ते वाक्य इतकं आवडलंय की आता आमच्या घरात कुणी छत्री नेऊन कोरडं परत आलं की आम्ही हेच म्हणतो.

दरीत नाही तर काय, म्हणून वहिनींनी लेकीला रानात नेलं. आठवीतली मुलगी, रेंज नाही म्हणून सकाळपासून फुगलेली. ती दुपारी परत आली ती करवंदांनी जांभळे झालेले हात आणि ओढणीत जांभळं घेऊन, चिकाने बोटं चिकटलेली आणि तोंडाची टकळी चालू. वहिनी, तिला तुम्ही बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, दाखवलात, लोक तो वेचून वाळवून विकतात आणि घरखर्चाला त्याचाच आधार असतो हे सांगितलंत. मग राब. शेण, पाला, काटक्या पसरून जमीन भाजायची, पाऊस यायच्या बेताला त्यावर भाताचं बी टाकायचं, रोपं वर आली की चिखलात आवणी, म्हणजे लावणी. मी पुस्तकात वाचून पाठ केलेलं, मार्कही मिळालेले, पण भाजलेली काळी माती पहिल्यांदा हातात घेतली ती तुमच्या वावरात. बियांची मडकी दाखवताना तुम्ही राहीबाई पोपेरेंचं नाव घेतलंत, कोंभाळण्याच्या, आपल्याच अकोले तालुक्यातल्या, गावरान बियाणं जपलं म्हणून 2020 साली पद्मश्री मिळालेल्या. घेताना आवाज असा होता की जणू शेजारची जाऊबाई. लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी तेच घेतलंय.

मॅगीला पण तुम्ही नाहीच म्हणालात. म्हणजे पाकीट होतं घरात, मी पाहिलं, पण वहिनी म्हणाल्या ते पोरांच्या डब्याचं आहे. मग नागलीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, ठेचा, आणि काळभाताचा तो वास. लेकीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, नंतर शेंगोळ्याचं पातेलं पुसून खाल्लं. मी रेसिपी मागितली तर वहिनी म्हणाल्या, रेसिपी कसली, लसूण भरपूर घाला आणि रस्सा पातळ ठेवा.

पाण्याचं लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहिते. आंघोळीला एक बादली हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, आणि आवाज न चढवता. राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या पट्ट्यात तुमचं गाव, समोर धरणाचा एवढा फुगवटा, आणि मे महिन्यात वहिनी डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर. कातळ आहे खाली, उतार आहे, पडलेलं पाणी थांबतच नाही, असं दादांनी सांगितलं, पण मला भांडूपला नळ सोडताना अजून कसंतरी होतं. तिकडे यायचं ठरवणाऱ्यांना एवढंच सांगते की होमस्टेमध्ये शॉवर आहे का असं विचारू नका.

आता बाबा. रतनगडाच्या शिड्या बाबांना झेपणार नाहीत हे आम्हालाही माहीत होतं, पण त्यांना ते सांगणार कोण? ते तर गडावरचं नेढं, म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक, बघायचंच म्हणून बसलेले. तुम्ही त्यांना बाबा नाही जमणार असं म्हणालाच नाहीत. म्हणालात, "आबा, गड खालून बघू, देव जवळून बघू." आणि रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात नेऊन सोडलंत. हे देऊळ बघाच लोकहो, गडाच्या पायथ्याशी आहे, बहुतेकजण ट्रेकच्या घाईत बाहेरूनच नमस्कार करून निघून जातात. भूमिज शैलीचं, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा चढत गेलेलं शिखर, बाहेरच्या भिंतीवर एक बोट जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. शिलाहारांच्या झंज राजाने बांधलं असं सांगतात, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते असंही तुम्ही सांगितलंत. शेजारी पुष्करणी, म्हणजे पायऱ्यांचं कुंड, तिच्या कोनाड्यांमध्ये मूर्ती. बाबा पायरीवर बसले ते उठेनात. प्रवरा इथून निघते, भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात थांबते आणि पुढे गोदावरीला मिळते हे तुम्ही त्यांना जमिनीवर काडीने काढून दाखवत होतात आणि बाबा मान हलवत होते.

पण खरी मजा घाटघरला झाली. कोकणकड्यावर आम्ही तिघं सेल्फी काढत होतो, आणि तुम्ही बाबांना बाजूला घेऊन वीज प्रकल्पाचं सांगत होतात. बाबा बेस्टच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर मशीनच्या तेलात हात घालून रिटायर झालेले, त्यांना निसर्ग दहा मिनिटं पुरतो. तुम्ही सांगितलंत, वर घाटघरला एक धरण, खाली कोकणात चोंढ्याकडे दुसरं, विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून 250 मेगावॅट वीज, आणि रात्री वीज शिल्लक असली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर. तीच मशीन उलटी फिरते म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. "उलटी? तीच?" असं त्यांनी तीनदा विचारलं. परत येताना विल्सन धरणावर थांबलो, 1910 ला काम सुरू आणि 1926 ला पूर्ण, सगळं दगडी बांधकाम, तिथेही बाबांनी भिंतीवर हात फिरवला. भांडूपच्या कट्ट्यावर आता रोज तोच विषय आहे, सोसायटीतल्या काकांनी माझ्याकडे तक्रार केलीय.

काजव्यांच्या रात्री तुमचा नकार सगळ्यात कडक होता. जीप घराजवळच ठेवायची, टॉर्च पेटवायची तर फक्त पायाखाली आणि लाल कागद लावून, फ्लॅश बंद, परफ्यूम नको, मोठ्याने बोलायचं नाही, झाडाखालच्या गवतात पाय द्यायचा नाही. वन खात्याची पावती खिशात आहे ना हे पण तुम्ही दोनदा तपासलंत. मला आधी जरा जास्तच वाटलं. मग तुम्ही हळू आवाजात सांगत गेलात की हे चमकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद, माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, आपला उजेड पडला की तो इशारा बुडतो आणि जोडीच जमत नाही. अळी असताना हे गोगलगायी खाऊन वाढतात, आणि मोठे झाल्यावर हातात थोडेच दिवस, पाऊस जोरात लागला की खेळ संपला. मग तुम्ही गप्प झालात आणि हिरड्याच्या आणि सादड्याच्या झाडांवर सुरू झालं. एक फांदी लुकलुकली, मग शेजारची, मग अख्खं झाड एका लयीत पेटायचं आणि विझायचं. नवऱ्याने सवयीने मोबाईल वर केला, तुम्ही फक्त म्हणालात, "येत नाही फोटोत." त्याने खिशात ठेवला. आमच्याकडे त्या रात्रीचा एकही फोटो नाही, त्यामुळे ग्रुपवर कुणाचा विश्वास बसत नाही ही वेगळी गोष्ट.

लांबून एक गाडी हाय बीम टाकून आली तेव्हा तुम्ही रस्त्यात जाऊन उभे राहिलात आणि त्यांना दिवे बंद करायला लावलेत. त्यांच्यातला एकजण काहीबाही बोलला. तुम्ही हात जोडलेत. त्याबद्दल वेगळे आभार, कारण मी असते तर भांडले असते.

पैसे देताना पण तुमचं चालूच. जास्तीचे दिले ते परत केलेत, करवंदाच्या लोणच्याच्या बरणीचे घेतलेच नाहीत, उलट लेकीच्या हातात तांदळाची पिशवी. तेव्हा मी वाद घातला नाही, पण वहिनी, मुलांच्या वह्या आणि कंपासपेट्या पाठवल्यात, शेंडीच्या एसटीने येतील, त्या तरी ठेवून घ्या.

आता पुढचं. पावसाळ्यात येऊ का विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आवणीत आम्हाला पाहुण्यांकडे बघायला वेळ नसतो आणि गडाच्या शिड्या निसरड्या होतात. कळसूबाईला म्हणालात हिवाळ्यात या, लोखंडी शिड्या उन्हात हात भाजतात, 1646 मीटर उंचीचं शिखर आहे, घाई कशाला. पटलं. तर मग ऑक्टोबर? पाऊस ओसरलेला असेल, लेक आणि मी दोघीच, फक्त रतनगड, वरती नेढ्यात बसून भाकरी खायची आणि उतरायचं, दुसरं काहीच नाही. नको म्हणायचं असेल तर या आठवड्यात सांगा दादा, रजेचा अर्ज टाकायचाय.

तुमची,
भांडूपची ताई

ता. क. बाबा विचारतायत की मशीन उलटी फिरवायच्या आधी किती वेळ थांबवावी लागते. तुमच्या ओळखीत तिथे कामाला कुणी असेल तर विचारून ठेवा, नाहीतर ते स्वतःच फोन करतील.